खालच्या मजल्यावरचा मातृवृक्ष

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा आयुष्यभर काचघरात टोमॅटो पिकवून निवृत्त झालेले होते, हे मला तिथे पाच वर्षं राहूनही माहीत नव्हतं. जिन्यात भेटले की ते "दाग, ब्यूरव्राउ" म्हणत, म्हणजे नमस्कार शेजारीणबाई. मी नमस्कार परत करून वर निघून जात असे. द हेगच्या कडेला, ट्राम जिथे संपते तिथली ती चार मजली इमारत. कोणाची सायकल कुठली हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यापलीकडे फारसं कोणी कोणाला विचारत नसे.

कोरोनाचा पहिला वसंत आला तेव्हा नवऱ्याचं रॉटरडॅमचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं, मुलीची शाळा दुसऱ्या खोलीत भरू लागली आणि मला घरात बसायला जागा उरली नाही. मी बाल्कनीत जाऊन बसायला लागले. मशरूम ज्या निळ्या ट्रेमधून येतात तसले चार-पाच ट्रे साठले होते, त्यात मेथी पेरली. पाणी घालताना ते खाली ठिबकायचं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आजोबा एका सकाळी जिन्यात टोमॅटोच्या रोपांचा ट्रे घेऊन उभे होते. मला वाटलं, तक्रार असेल. मी दीड मीटरवरूनच माफी मागितली.

"पाण्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण ही पानं पिवळी का पडतायत ते पाहता का? मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, हॉस्पिटलने पुढे ढकलली."

मी एक पान उलटं केलं. बारीक जाळी, त्यात लाल ठिपके. लाल कोळी. डाळिंबावर हजारदा पाहिलेला. डच शब्द येत नव्हता, म्हणून मी बोटांनी कोळी चालवून दाखवला. ते हसले. "स्पिंट," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इथे येण्याआधी तुम्ही काय करत होता?"

पाच वर्षांत हे मला त्या देशात कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या कागदांवर मी अवलंबून असलेली पत्नी होते आणि पार्ट्यांमध्ये 'सध्या घरीच' होते. मोडक्यातोडक्या डचमध्ये मी सांगितलं: शेतीची पदवी, मग तीन वर्षं सोलापूरकडच्या एका रोपवाटिकेत. डाळिंबाच्या गुट्या बांधायचे, छाट कलमं करायचे. माझा हात बसला होता. हे शेवटचं वाक्य डचमध्ये कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी नुसता हात पुढे केला.

चार दिवसांनी त्यांनी दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

"मला छाट कलमं करायची आहेत," ते म्हणाले. "हात आहेत, डोळे नाहीत."

"टोमॅटोची?"

"नाही," ते म्हणाले. "आधी बघा. मग नाही म्हणालात तरी चालेल."

त्यांच्या मागच्या खोलीत कपाटाएवढा काळा कापडी तंबू उभा होता. त्यांनी चेन उघडली तसा पांढरा उजेड बाहेर सांडला, आणि त्यामागून वास. आत एक लहान पंखा फिरत होता. तीन झाडं होती. मधलं सगळ्यात जुनं, बुंधा लाकडासारखा झालेलं; रोपवाटिकेत ज्याचे छाट घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात, तसं. पानं पाहिल्याबरोबर मी ओळखलं. आमच्याकडे गांजा म्हणजे मठ, चिलीम, आणि ज्याच्याविषयी चारचौघांत बोलत नाहीत असा एखादा गांजेकस काका. मी दारातच थांबले.

त्यांनी मला समजावण्याची घाई केली नाही. स्टूल ओढून बसले आणि बायकोबद्दल सांगू लागले. मज्जातंतूंचा आजार, बरीच वर्षं. पायांचे स्नायू दोरीसारखे आवळले जायचे आणि ती दात-ओठ खात बसून राहायची. डॉक्टर लिहून देतात तसा औषधाच्या दुकानातला गांजाही मिळतो, पण तिला तो मानवला नाही. या एका झाडाच्या चहाने मात्र तिला झोप लागायची. "चहामुळे की माझ्यामुळे, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "ती झोपायची, एवढं खरं." अकरा वर्षं त्यांनी तेच झाड टिकवलं होतं. बी नाही, दरवेळी कलमाचं कलम. आता वर्षभर ती शुश्रूषागृहात होती, आणि कोरोनामुळे तिथली दारं बंद झाली होती. ते रोज आधाराला सायकल हातात धरून चालत जायचे आणि खिडकीबाहेर उभं राहून तिच्याशी फोनवर बोलायचे.

"मग आता हे कोणासाठी?" मी विचारलं. माझं डच असं होतं की कठीण प्रश्न सगळे कठीणच बाहेर पडायचे.

"दार उघडेल तेव्हा ती मागेल," ते म्हणाले.

मी आठ छाट घेतले. पेराच्या खाली तिरका काप, खालची पानं काढलेली, कोकोपीटच्या लहान कपांत. पाच वर्षांनी हातात धारदार पातं आलं होतं, आणि ते कसं धरायचं हे हाताला विचारावं लागलं नाही. घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी जिन्यातच थोडा वेळ बसले.

दहा दिवसांत आठच्या आठ छाट कुजले. मला लाज वाटली. आजोबांनी एकेक काडी चिमटीत धरून चाचपली. "फार पाणी," म्हणाले.

"आमच्याकडे पाणी कमी पडून मरतात," मी म्हटलं.

"इथे जास्त होऊन मरतात. तुम्ही घाबरलात. घाबरलेला माणूस पाणी घालतो."

दुसऱ्या वेळी मी हात आवरला. सहा छाट घेतले, पाच जगले. कपाच्या तळाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळी दिसली तेव्हा मी त्यांचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. त्या दिवसांत कोणी कोणाला हात लावत नव्हतं. आम्ही दोघंही एकदम ओशाळलो.

नवऱ्याला मी तोपर्यंत सांगितलं नव्हतं. 'शेजारच्या आजोबांना रोपांत मदत करते' एवढंच त्याला माहीत होतं. पाच रोपं जगल्याच्या आनंदात ते तोंडातून गेलं.

त्याने लॅपटॉप मिटला. "कशाची रोपं म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"आपलं परमिट रिन्यूअलला गेलंय. तुला कळतंय ना?"

"पाच झाडांपर्यंत पोलीस सहसा मागे लागत नाहीत."

"ते बाहेर लावलेल्या झाडांचं. दिवे, पंखे, तंबू थाटला की त्याला ते धंदा म्हणू शकतात. मी आत्ता वाचून सांगू का तुला?" तो आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. "तुझ्या आईला सांगशील का हे?"

"सांगेन."

"गांजा म्हणून सांगशील, की औषध म्हणून?"

तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी आठवडाभर खाली गेले नाही. खालून बाल्कनीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी आत यायचे.

मग एक दिवस ते स्वतःच वर आले, हातात पत्र घेऊन. घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचं पत्र होतं. अक्षर त्यांना लागत नव्हतं. मी दारात उभं राहून वाचलं. हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेची तपासणी, पुढच्या गुरुवारी, सगळ्या घरांची. 'प्रत्येक खोली मोकळी ठेवावी.' मी ते वाक्य दोनदा वाचलं, माझंच चुकलं असेल म्हणून.

"प्रत्येक खोली," मी म्हटलं.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जवळजवळ आंधळा, आणि डोक्यावरचं छप्पर जायची भीती. त्यांनी मला काही मागितलं नाही. पत्राची नीट घडी घालून ते खिशात ठेवलं, आभार मानले आणि कठडा धरून खाली गेले.

मी आत येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने कानातले हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, "त्या तंबूचे पाइप वेगळे होतात का?"

शनिवारी तो मास्क लावून माझ्याबरोबर खाली आला. सॉफ्टवेअरमधला माणूस, घरातला बल्बसुद्धा माझ्याकडून बदलून घेणारा. पण दोन तास गुडघ्यावर बसून त्याने एकेक सांधा सोडवला, वायरींची वेटोळी करून त्यांना रबर लावले. आजोबांनी आधी बाकीची दोन झाडं कापली, मग त्या जुन्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवला आणि तेही स्वतःच कापलं. छाटायची कात्री त्यांनी मला मागितली नाही. त्यांना ती कुठे असते ते माहीत होतं. दिवे, पंखा, पाइप सगळं नवऱ्याने पुढे खोकं असलेली सायकल उसनी आणून नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर नेलं. परत आला तेव्हा घामाने डबडबलेला होता. "रांग होती," एवढंच म्हणाला.

पाच लहान रोपं राहिली. ती बाल्कनीत टोमॅटोच्या मागे ठेवली, उघड्या उन्हात. "कोणी विचारलं तर माझी आहेत म्हणेन," आजोबा म्हणाले. गुरुवारी तपासणीचा माणूस आला, तंबूच्या जागी उरलेल्या मोकळ्या खोलीत छताची जाळी उघडून पाहिली, बाल्कनीत डोकावला आणि टोमॅटोला काठ्यांचा आधार द्या म्हणून सांगून गेला.

उन्हाळ्यात शुश्रूषागृहाची दारं थोडी थोडी उघडली. आधी एकाच माणसाला परवानगी होती, मग दोघांना. आजोबांनी मला बरोबर चलाल का विचारलं. चालत जाण्याइतकंही आता त्यांना दिसत नव्हतं, आणि ट्रामचे आकडे वाचता येत नव्हते. त्यांच्या बायकोबद्दल मी इतकं ऐकलं होतं की मनात एक कण्हणारी, पांढरीफटक बाई तयार झाली होती. प्रत्यक्षात चाकाच्या खुर्चीत लिपस्टिक लावलेली, तल्लख डोळ्यांची बाई बसली होती. आजोबा कॉफी आणायला एका परिचारिकेबरोबर गेले, तशी तिने माझा हात ओढून वास घेतला. सकाळीच मी रोपांची पानं खुडली होती, बोटं चिकट होती. ती हसली.

"तंबू मोडला म्हणे."

"हो. मला वाईट वाटलं."

"मला नाही. ती माझी शिवणाची खोली होती." मग माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला इथे डॉक्टर गोळी देतात. तिने भागतं. दारं बंद होण्याआधी कितीतरी महिने मी तो चहा बेसिनमध्ये ओतत होते."

मी दाराकडे पाहिलं.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. "काचघर सुटल्यावर तो नुसता खिडकीत बसायचा. त्याला पीक लागतं. माझ्या पायांमुळे त्याला पीक मिळालं."

आजोबा दोन कप सांभाळत आले. तिने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो त्या पाच रोपांचा. किती वाढली, पानं कशी आहेत, कीड आहे का. ते सांगत बसले, आणि ती खरंच मन लावून ऐकत होती. परतीच्या ट्राममध्ये ते म्हणाले, "पाहिलंत? ती वाट पाहतेय." मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नको सांगूस त्यांना." आणि थोड्या वेळाने, "तिच्या जागी असतो तर मी तरी तुला असं काही कळू दिलं असतं का?"

शरद ऋतूत पावसाने पाचांपैकी चार झाडांना बुरशी लागली. ती फेकावी लागली. एक त्यांनी खिडकीत आणून ठेवलं. त्याच सुमारास एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते वर आले आणि मला निरखून म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही जास्त वयाच्या आहात." आम्ही दोघंही हसलो. दोन-तीन महिने त्यांनी बायकोला डोळे भरून पाहिलं. हिवाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मी आणि नवरा टेबलापाशी बसून पडद्यावर पाहत होतो. आजोबा पहिल्या रांगेत एकटे, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

मार्चमध्ये मी त्यांच्या घरी टोमॅटोचं बी पेरायला मदत करत होते. खिडकीतलं ते एकटं झाड हिवाळाभर उजेडाअभावी उंच आणि लुकडं झालं होतं. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"शेजारीणबाई, याचे छाट घ्यायचे का यंदा?"

"तुम्हाला घ्यावेसे वाटतात का?"

त्यांनी कुंडी जरा वळवून पाहिली. त्या वेळी सगळं सांगून टाकावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी मातीच हाताने चाळत राहिले.

"नको," ते शेवटी म्हणाले. "टोमॅटोला खिडकी कमी पडते."

त्यांनी कुंडी आडवी केली, झाड बुंध्याशी धरून अलगद ओढून काढलं, माती झाडली. मुळ्यांचा भला मोठा गुंता होता. तो त्यांनी उजेडात धरून नीट पाहिला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

"मुळ्या चांगल्या आहेत," ते म्हणाले.

"चांगल्या आहेत," मी म्हटलं.

त्या महिन्याच्या शेवटी त्यांच्याच ओळखीने मला एका काचघरात काम मिळालं, टोमॅटोच्या रोपांची कलमं बांधायचं. पहिल्या दिवशी मुकादमाने विचारलं, आधी कुठे काम केलंय. मी सोलापूर म्हटलं, आणि मग, इथेही थोडं केलंय, असं म्हटलं.