खोबरेल तेल आणि हाजींची रायफल

तुमचं एक तरी तत्त्व असं आहे का, जे घरच्या माणसाच्या व्हिसापुढे टिकलं? खरं सांगा, मी थांबते.

माझी सगळी टिकतील अशी माझी खात्री होती. मी तत्त्वांवरच वाढले होते. पेणला आमच्या घरी आई-बाबा पत्रकं काढायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नदीत मूर्तीचा रंग सोडण्याविरुद्ध, आणि दर दिवाळीला न चुकता टिकल्यांच्या बंदुकीविरुद्ध. सुट्टीत बाकीची मुलं किल्ला करायची आणि आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. टिकल्या मला मिळत, बंदूक मिळत नसे. मी त्या टिकल्या पायरीवर ठेवून दगडानं फोडायचे. हिंसेचं साधन हातात घेणार नाही, ही शपथ मी चड्डीला नाडी बांधता येण्याआधी घेतली होती आणि मोठेपणी ती मोडायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टवर अशी वेळ येते तरी कशाला?

तर मी बहरीनमध्ये हिद्दच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते आणि माहूजला मामा-मामींच्या फ्लॅटमध्ये राहते. मामा इथे तरुणपणी आला. बोटींची इंजिनं विकणाऱ्या एका बहरीनी व्यापाऱ्याकडे त्यानं आयुष्यभर हिशेब लिहिले. त्या व्यापाऱ्याला सगळे नुसतं हाजी म्हणतात. हाजींचा धंदा आता मुलं बघतात, हिशेब कॉम्प्युटर बघतो आणि मामा रायफली बघतो.

हो, रायफली. हाजींना जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफली जमवायचा नाद आहे. झल्लाकला समुद्राजवळच्या त्यांच्या घरात एक थंडगार खोली आहे आणि तिथे काचेच्या कपाटांत त्या ओळीनं उभ्या असतात. चापाभोवती एक मोठी कडी असते, ती खाली ओढून परत वर घेतली की आतली पुढची गोळी जागेवर येते, म्हणून लिव्हर-ॲक्शन. या सगळ्यांचे रीतसर परवाने आहेत, आणि त्यांतून गोळी सुटूच शकणार नाही अशी व्यवस्था केलेली आहे. थोडक्यात, या निवृत्त बंदुका आहेत आणि त्यांची राखण करायला एक निवृत्त होऊ न इच्छिणारा माणूस ठेवलेला आहे. मामाचं वय झालंय. हाजींनी "संग्रहाची देखभाल" हे काम काढलं नसतं, तर त्याचा व्हिसा कधीच संपला असता. मामी या देखभालीला "हाजींची माया" म्हणते. मामा तिला "माझं एक्स्पर्टाइज" म्हणतो.

मी तिथे कधी गेले नव्हते. मी मामाला जेवताना ऐकवायचे, "साम्राज्यांचा कचरा पुसतोस तू."

"पुसतो ना," मामा म्हणायचा, "तू ज्या कारखान्यात आहेस तो बोटींना रंग लावतो. लढाईच्या बोटी काय तशाच, बिनरंगाच्या फिरतात?"

यावर मी भात कालवायचे.

आता मामाचं एक्स्पर्टाइज काय ते सांगते. तो मूळचा अलिबागकडचा. त्याच्या मते जगातली प्रत्येक वस्तू दोन उपायांनी बरी होते. चमकत नसेल तर चिंच आणि अडत असेल तर खोबरेल. गेल्या वर्षी त्यानं एका रायफलीची पितळी चौकट देवाच्या तांब्यासारखी चिंच-मीठ लावून घासली. झळझळीत केली. हाजी आले, बघितलं आणि खुर्चीत बसले. जुन्या धातूवर काळानं चढवलेला जो तपकिरी, मंद रंग असतो त्यासाठी लोक जीव टाकतात, आणि मामानं तो एका दुपारी धुऊन मोरीत सोडला होता. हाजी त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच, "एक बार और कुछ किया, तो मैं ये सब दुबई की कंपनी को दे दूँगा. खलास."

खलास म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. रायफली दुबईच्या तज्ज्ञांकडे, मामा अलिबागला आणि मामीचा बाल्कनीतला कढीपत्ता कुणाकडे, ते माहीत नाही. मामीनं तो कढीपत्ता बहरीनच्या उन्हात, ओली चादर बांधून जगवलाय. "मी त्याला सोडून जाणार नाही," ती म्हणाली. "तुझा मामा एकटा गेला तर चालेल."

त्यानंतर मामा सुधारला. म्हणजे खंडेनवमीपर्यंत.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, अवजारं पुजतो, गाडीला हार घालतो. मामानं दरवर्षीसारखी हाजींची परवानगी काढली होती. हाजी तरुणपणी धंद्यासाठी मुंबईत राहिलेले, त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. ते म्हणाले होते, "तुम लोगों की मशीनों की ईद है ना? करो, करो." मामानं हळदकुंकू कपाटाच्या काचेला लावलं, आतल्या लोखंडाला नाही, एवढी अक्कल त्यानं दाखवली. पण फूल वाहायला कपाट उघडून हात फिरवताना त्याला वाटलं की हाजींच्या सगळ्यांत लाडक्या रायफलीची कडी जरा कुरकुरतेय. सणाचा दिवस, आणि ती कुरकुरतेय! त्यानं डब्याच्या पिशवीतून बाटली काढली आणि चांगलं सढळ हातानं खोबरेल सोडलं.

कपाटाच्या खणात बंदुकीचं खास तेल होतं. मी त्याला नंतर विचारलं, ते का नाही वापरलंस? मामा म्हणाला, "त्याला वासच नाही. ज्याला वास नाही ते तेल कसलं?"

थंडीत खोबरेलाचं काय होतं, हे कुठल्याही मराठी पोराला विचारा. ते गोठतं, मग बाटलीत काडी घालून उकरावं लागतं. हाजींच्या त्या खोलीत बारा महिने माथेरानची थंडी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामानं कडी ओढली, तर ती हलेना. आतला सगळा खोबरेलाचा पांढरा लगदा घट्ट बसलेला. आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर कुवेतहून हाजींचे संग्राहक मित्र येणार होते. पाहुणे आले की हाजी नेहमी तीच रायफल हातात घेतात, कडी ओढतात, आणि तो "खटॅक-खट" आवाज सगळ्यांना ऐकवतात. त्यांच्या वडिलांची रायफल आहे ती.

मामा घरी आला तो चहाही न घेता सोफ्यावर बसला. मामीनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"तू केमिस्ट ना?"

"रंगाची."

"तेलच असतं ना रंगात?"

"मामी, मी बंदुकीला हात लावणार नाही. शपथ आहे माझी."

"मग नको लावूस," मामी म्हणाली, "नुसती जा आणि लांबून सांग." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. ती घरात मॅक्सी घालते. पदर नव्हताच, तिनं पदराचं काम रुमालावर भागवलं. तरी परिणाम तोच झाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही झल्लाकला गेलो. मी बरोबर कापूस, कान साफ करायच्या काड्या आणि तेल काढायला प्रयोगशाळेतलं थोडं व्हाइट स्पिरिट घेतलं. वाटेत मामाला युक्ती सुचली. "सोपं आहे गं. रायफल पाच मिनिटं गाडीत ठेवू. बाहेर भट्टी आहे, लगेच पाघळेल."

"मामा, आपण दोघं, एक छोटी गाडी, आणि मागच्या सीटवर रायफल. पोलिसाला काय सांगशील? तेल पातळ करतोय?"

मामानं मागच्या सीटवरच्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "मामीचा हेअर ड्रायर आणलाय मी."

ड्रायर मी पिशवीतून बाहेरच काढू दिला नाही. गरम झोतानं शंभर वर्षांहून जुनं अक्रोडाचं लाकूड तडकलं असतं. एसी बंद करायचा म्हटलं तर समुद्राची खारी, दमट हवा आत शिरून बाकीच्या सगळ्या रायफलींना गंज चढला असता. स्पिरिट ओतलं असतं तर त्यानं लाकडाचं पॉलिश खाल्लं असतं. मामीची शेकायची पिशवी आठवली, पण ती गळते. मी त्या लोखंडाकडे बघत उभी राहिले आणि मला उत्तर कळलं. ते मला अजिबात आवडलं नाही. डोक्याला खोबरेल लावताना आपण गोठलेला गोळा कसा वितळवतो? तळहातावर घेऊन.

"मामा, तू धर," मी म्हणाले.

मामानं धरली. मामाचे हात बर्फासारखे. त्याला कायम बीपीची गोळी, कायम थंड हात. वर तो भीतीनं आणखीच गार पडला होता. बराच वेळ झाला, काही हललं नाही.

मग मी सुती हातमोजे घातले, खाली गालिच्यावर मांडी घातली, आणि म्हटलं, "दे इकडे."

माझ्या आई-बाबांनी आयुष्यभर वाटलेली पत्रकं त्या क्षणी माझ्याकडे बघत असणार. मी ती रायफल मांडीवर आडवी घेतली, कडीच्या सांध्याभोवती दोन्ही हात लपेटले आणि तान्ह्या बाळाला धरतात तशी पोटाशी धरून बसले. ती जड होती आणि फार थंड. तिला मोदकांचा वास येत होता.

"आता अंगाई म्हण," मामा म्हणाला.

"तू बोलू नकोस."

"नाही, शोभतेस. आईला फोटो पाठवू?"

"मामा, तुझा व्हिसा माझ्या मांडीवर आहे."

मामानं काडी उचलली. हळूहळू कडीच्या फटीतून एक पारदर्शक थेंब डोकावला. मग दुसरा. मामा काडीनं टिपत होता, मी ओरडत होते, "लाकडाला लागू देऊ नकोस! खालून टीप, खालून!" कडी अर्धी खाली आली. आणि दारातून आवाज आला, "ये क्या चल रहा है?"

हाजी नमाजला जाण्याआधी रायफल बाहेर काढून ठेवायला आले होते. त्यांच्यासमोर एक अनोळखी मुलगी त्यांच्या वडिलांची रायफल छातीशी धरून गालिच्यावर बसलेली होती आणि त्यांचा जुना हिशेबनीस कान साफ करायची काडी हातात धरून गुडघ्यांवर होता.

"हाजी, ये मेरी भांजी," मामा उठत म्हणाला. "थोडा क्लायमेट का प्रॉब्लेम हुआ. ह्युमिडिटी..."

खोटं बोलायचं नाही, हेही पत्रकांत होतं. आणि त्या दिवशी एक तत्त्व तर आधीच माझ्या मांडीवर गेलं होतं, दुसरं मी सोडणार नव्हते. "क्लायमेट नहीं, हाजी," मी म्हणाले, "नारियल का तेल है. मामा ने डाला. पूजा के दिन. प्यार से डाला, लेकिन डाला."

मामानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्याचं अलिबागचं तिकीट मीच काढलंय.

हाजी खाली वाकले. त्यांनी कडीचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ हातातली माळ ओढत राहिले.

"मेरे वालिद," ते शेवटी म्हणाले, "इसमें शार्क का तेल लगाते थे. जो नाव की लकड़ी पर लगाते हैं, वो. इतनी बदबू कि मेरी माँ ने बंदूक को घर से निकाल दिया. वालिद को भी."

मामा हसला. मोठ्यानं, सुटल्यासारखा.

हाजी हसले नाहीत. "तुम मत हँसो. वालिद को मैं नहीं निकाल सकता था. तुमको निकाल सकता हूँ."

तेवढ्यात माझ्या हातांखाली आतला शेवटचा लगदा सुटला. मी कडी पूर्ण खाली ओढली आणि वर घेतली. खटॅक-खट. जन्मात पहिल्यांदा मी बंदुकीचा आवाज काढला होता आणि, आई-बाबांनी हे वाचू नये, तो फार सुंदर होता.

हाजी माझ्या हातांकडे बघत होते. "फिर से," ते म्हणाले. मी पुन्हा केलं. मग मी त्यांच्यासमोर स्पिरिटच्या बोळ्यानं सांध्यातलं उरलंसुरलं तेल पुसून काढलं आणि खणातल्या बिनवासाच्या तेलाचा एक थेंब काडीनं सोडला. एकच.

"ठीक है," हाजी म्हणाले. "मामू रहेगा. पर हाथ जेब में. काम इस लड़की का हाथ करेगा, मामू सिर्फ़ देखेगा. हर जुम्मे को."

मी मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघत होता. मला मामीचा रुमाल दिसला, कढीपत्ता दिसला. मी म्हणाले, "मेरी एक शर्त है. हर बंदूक के पास बोर्ड लगेगा. मैं लिखूँगी."

"क्या लिखोगी?"

मी सांगितलं. ही वस्तू कोणत्या काळात, कोणाच्या फायद्यासाठी बनली, तिच्यावर किती कारागिरी खर्च झाली आणि ती कारागिरी शेवटी कशाकरता होती, सगळं सांगितलं. चांगली दोन पत्रकं होतील एवढं सांगितलं. हाजी शांतपणे ऐकत होते.

"लंबा है," ते म्हणाले.

मी निम्मं केलं. "लंबा है." आणखी तोडलं. मामानं खिशात हात घालून मध्येच सूचना केली, "पहिलं वाक्य ठेव, बाकी काढ." माझं इतकं कठोर संपादन आजवर कुणीही केलेलं नाही. हाजी नमाजला निघाले तेव्हा बोर्डावर दोनच वाक्यं उरली होती. "ही बंदूक माणसं मारण्यासाठी बनवली होती, आता मारत नाही. हात लावू नका." अरबीत, इंग्रजीत, आणि माझ्या हट्टापायी मराठीत. दुसरं वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे, असं मामाचं म्हणणं आहे. तसंच आहे.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी झल्लाकला असते. आईला मी फोनवर "जुन्या धातूंचं काम" म्हणून सांगते. कुवेतच्या पाहुण्यांनी तो बोर्ड वाचला आणि त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, मराठी ओळींत काय लिहिलंय? मी सांगितलं. तो आपल्या घरच्या संग्रहालाही असाच बोर्ड लावणार म्हणाला, इंशाल्ला. या इंशाल्लाचा अर्थ बहुधा 'कधीच नाही' असा असतो, हे बहरीनमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे. म्हणून त्याच्यावर विसंबत नाही, तुम्हालाच सांगते.

तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, भिंतीवर कुणाची जुनी तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक, काहीही असेल. ती आज खाली काढा. चिंच लावू नका, तेल तर मुळीच नको, नुसत्या कोरड्या सुती फडक्यानं पुसा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणाची होती आणि कुणावर चालली. जे उत्तर येईल ते कागदावर लिहा आणि तिच्या शेजारी ठेवा. लिहिताना घरात भांडण झालं तर होऊ द्या. फक्त दोनच वाक्यं लिहा.