नापास नव्हे, गैरहजर

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी फोन करतात, 'काका, लेकीवर लिहा ना काहीतरी,' आणि मी दरवर्षी कधी मोतीबिंदू, कधी सर्दी पुढे करतो. यंदा लिहितो आहे. एकच अट आहे. छापायचं तर काटछाट न करता छापा, नाहीतर परत पाठवा.

माझी मुलगी बारावीत नापास झाली नव्हती. 'बारावी नापास ते डॉक्टर' ही जी कथा क्राइस्टचर्चमधल्या मराठी घरांतून पोरांना अभ्यासाला बसवताना सांगितली जाते, ती खोटी आहे. ती रचणारा मी आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं, माझ्या वयाला आता त्याची भीती उरलेली नाही.

मुलगी बारावी सायन्सला होती, तेव्हा आम्ही पुण्यात राहत होतो. दिवाळीनंतर माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, मुलगा कराडला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कामाला बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही. एक दिवस जेवताना मी निर्णय सांगून टाकला. मुलीने यंदा परीक्षेला बसू नये, आजीकडे बघावं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी बसेल. बायको म्हणाली, मी बिनपगारी रजा काढते. मी म्हटलं, काही गरज नाही. मुलाला घरी बोलवावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मुलीने ताटातलं संपवलं आणि आजीची पेज गरम करायला उठली.

पुढच्या वर्षी आई अंथरुणातच होती. त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली, पण तोवर मी मुलीसाठी स्थळ बघून ठेवलं होतं.

तिने परीक्षा दिली नाही त्या वर्षी निकाल लागले तेव्हा ऑफिसात पेढे आले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, 'तुमच्या कन्येचं काय?' आईसाठी घरी बसवली असं सांगायला जीभ वळेना, कारण त्यावर त्याचा पुढचा प्रश्न 'आणि चिरंजीव?' असाच असता. मी म्हणालो, 'राहिली. अभ्यासात डोकं नाही हो तिचं.' तो हळहळला आणि त्याने मला दोन पेढे जास्त दिले. त्या दिवसापासून मी सगळ्यांना तेच सांगत गेलो. नातेवाइकांना सांगितलं, लग्नाच्या बैठकीत सांगितलं. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं.

जावई सरळ माणूस. त्यांना क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या एका कारखान्यात इंजिनीअर म्हणून नोकरी लागली आणि ते कुटुंब न्यूझीलंडला आलं. मुलगी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची काळजी घेण्याच्या कामाला लागली. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं आधी सहा-सहा महिने येत राहिलो, मग इथलेच झालो. नात तेव्हा दहा वर्षांची होती. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं उत्तम चालायचं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एका रविवारी नाश्त्याच्या वेळी मुलगी म्हणाली, 'मी मेडिकलला अर्ज करणार आहे.'

मला हसू आलं. मी म्हटलं, 'तुझं वय काय, शिक्षण काय?'

'वय छत्तीस. शिक्षण किती ते तुम्हाला माहीतच आहे,' ती म्हणाली आणि तिने मला आणखी पोहे वाढले.

ती सगळी चौकशी करून बसली होती. इथे विशीच्या पुढच्या माणसाला शाळेचं प्रमाणपत्र नसलं तरी विद्यापीठात प्रवेश मागता येतो. मात्र मेडिकलचं दार तेवढ्याने उघडत नाही. मेडिकल कॉलेज दक्षिणेला, पाच तासांवरच्या गावी; तिथे राहून पहिलं वर्ष अठरा वर्षांच्या मुलांबरोबर शिकायचं, त्यात वरचे गुण मिळवायचे, मग निवड. त्याआधी शिकायची कुवत आहे हे पटवून द्यायला हवं. त्यासाठी केमिस्ट्री-बायॉलॉजीचे संध्याकाळचे वर्ग तिने वर्षभर गुपचूप केले होते. मी समजत होतो की तिला जादा पाळ्या लागतात. जावयांना सगळं माहीत होतं. बायकोलाही. माहीत नव्हतं ते फक्त मला.

बातमी फुटल्यावर मंडळात जे बोललं गेलं तेही लिहितो, कारण ते बोलणारे आज तिच्या नावाने छाती फुगवतात. हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, 'अगं, मुलीला डॉक्टर करायच्या वयात तू स्वतःच निघालीस?' मुलगी म्हणाली, 'दोघी होऊ की. दवाखान्याला पाटी एकच पुरेल.' एका तरुण गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, 'काका, बारावी नापासला घेतात का हो इथे मेडिकलला? मग आम्ही उगाच रात्री जागवल्या.' मी हसलो. 'नापास' या शब्दाला मी हसलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

अर्जासोबत तिला कामावर ओळखणाऱ्या वरिष्ठ व्यक्तीचं मत लागत होतं. वृद्धाश्रमाची मॅनेजर मूळची नर्स, उंच, मोठ्या आवाजाची गोरी बाई. तिचा एक नियम होता. कुणासाठी शब्द टाकायचा तर आधी त्याच्या घरी चहा प्यायचा. शिकायला गेलेल्या बाया घरच्यांच्या आडकाठीमुळे परत येतात, हे तिने पाहिलं होतं म्हणे. तर शनिवारी दुपारी ती आली. 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करत, दारातच जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, काढून आत आली, तेव्हाच बायकोला ती आवडली. जावई नातीला पोहायला घेऊन गेले होते. मुलगी आत कांदाभजी तळत होती. बाहेरच्या खोलीत मी, बायको आणि ती मॅनेजर.

मी तिला पुण्याच्या हवेबद्दल, धरणांबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, तुमची मुलगी सांगत होती, तुमच्या आईची शुश्रूषा करायला ती घरी राहिली, म्हणून तिची परीक्षा हुकली. तुम्हाला तिचा फार अभिमान वाटत असेल.

बाई चांगल्या मनाने म्हणाली होती. माझ्या तोंडून मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने निघालं, 'नो, नो. शी फेल्ड. स्टडीज वेअर नॉट हर थिंग.'

वर मी हसलोही. आपल्या माणसाची स्तुती झाली की ती खोडून काढायची, ही आपली रीत. त्या रीतीच्या आड मी पुष्कळ दिवस लपलो. विनयाने बोललो, बाईला आपली पद्धत कळली नाही, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिलो. विनय वगैरे काही नव्हता. ते नेहमीचंच खोटं होतं.

मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिच्या दृष्टीने आता दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि जिच्यासाठी ती शब्द टाकणार होती, ती खोटी असेल तर सगळंच संपलं. मुलगी भज्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ताटली टेबलावर ठेवून ती माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, 'बाबा, नापास व्हायला आधी परीक्षेला बसावं लागतं.'

मॅनेजरने मला विचारलं, नक्की काय झालं होतं?

तेव्हा मला बोलता आलं असतं. तीन-चार शब्दांचं काम होतं, आणि तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी म्हणालो, 'इट वॉज लाँग अगो. आय डोन्ट रिमेम्बर.'

माझ्या बायकोने आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. इंग्रजी बोलायला ती इतकी लाजायची, की कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली तरी बोटाने दाखवून आणायची. ती सोफ्यावर पुढे सरकली, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

'नो फेल. शी नो सिट. हिज मदर, बेड, नो टॉक. शी वॉश, शी फीड, शी डू ऑल. शी व्हेरी गुड स्टुडंट. आय टीचर, आय नो.' मग माझ्याकडे बोट करून, 'ही स्टॉप. ही टेल लाय. मेनी इयर लाय.'

मॅनेजरने एक भजं उचललं, खाल्लं आणि बायकोला म्हणाली, थँक यू. मला ती काहीच म्हणाली नाही. जाताना दारात मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिने सांगितलं की सोमवारी लिहून देते. मला वाटलं होतं, आता घरात रण पेटेल. पण मुलगी भांडी घासायला लागली आणि बायको मला म्हणाली, 'अहो, भजी गार होतायत, खायची असतील तर खा.'

मुलगी दक्षिणेला गेली. पहिल्या वर्षी ती वसतिगृहाजवळच्या एका खोलीत राहिली. वर्गातली मुलं तिला आधी मास्तरीण समजली, मग तिच्याकडे नोट्स मागायला लागली. सुट्टी लागली की ती पाच तासांची बस पकडून यायची, नातीचे केस विंचरता विंचरता स्नायूंची नावं पाठ करायची. नात म्हणायची, 'मम, यू'व गॉट हीप्स टु लर्न.' आई, तुला ढीगभर शिकायचंय. इथे मी नातीचा डबा भरला, शाळेत पोचवलं-आणलं, पोळ्या लाटायला शिकलो. त्या पोळ्यांचं भांडवलही मी भरपूर केलं. कुणी विचारलं की सांगायचो, लेकीच्या शिक्षणासाठी घर आम्ही सांभाळतो. खरं होतं ते. पण अर्धं.

वर्षअखेरीला तिचे गुण आले. अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत ती पुढे होती. निवड झाल्याचं तिने फोनवर आधी आईला सांगितलं, मग नवऱ्याला, मग लेकीला, आणि मग फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, 'छान.' ती म्हणाली, 'हं.'

मध्यंतरी काही लोक म्हणत, तिने एका तरुण पोराची जागा अडवली. त्यांना माझं उत्तर आहे. तिने कुणाची जागा घेतली नाही. तिची जागा वीस वर्षं रिकामी होती, ती मी रिकामी ठेवली होती, आणि ती आपली आपण चालत जाऊन तिथे बसली. कुणाची मेहेरबानी नाही, सवलत नाही, नशीब नाही. आणि माझा पाठिंबा तर नाहीच नाही.

ती डॉक्टर झाली तेव्हा मंडळाने हॉल घेऊन सत्कार ठेवला. निवेदकांनी कथा रंगवली. बारावीत नापास झालेली मुलगी, खचली नाही, आणि पाठीशी खंबीर वडील. लोकांना ही कथा का आवडते ते मला ठाऊक आहे. तिच्यात कुणाचाच गुन्हा नसतो. पोर स्वतः पडते, स्वतः उठते, आणि बाकीचे टाळ्या वाजवायला मोकळे. मुलीसाठी पुष्पगुच्छ होता. शाल आणि श्रीफळ मला. मी उठलो, मान लववली, शाल घेतली. माइक समोर होता. माझ्या बाजूच्या खुर्चीवर मुलगी बसली होती, ती समोर बघत होती. मी म्हणालो, 'मुलांना स्वप्नं बघू द्या.' टाळ्या पडल्या.

गाडीत बायको मागे बसली होती. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, 'शाल उबदार आहे का हो?' जावयांनी रेडिओ लावला.

बायको जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्यामागे खरं सांगणारं या घरात कुणी राहिलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. ती शाल मी मंडळाला परत करतो आहे. कथा बदलून सांगायची असेल तर अशी सांगा: मुलगी हुशार होती, बापाने बसू दिलं नाही, ती बसली.

हे सगळं अंकात लिहिणं सोपं आहे. लेकीला दिवाळी अंक वाचायला वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तिच्या तोंडावर सांगणं वेगळं. मी प्रयत्न केला नाही असं नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी ती माझं ब्लड प्रेशर बघायला जेवणाच्या टेबलाशी बसली. माझी बाही वर सारून तिने दंडाला पट्टा गुंडाळला. तिचे केस आता माझ्या आईसारखे पांढरे व्हायला लागलेत. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ठरवलं, आत्ता. म्हटलं, 'अगं, त्या वर्षी तुला मी...'

'बोलू नका बाबा, आकडा चुकतो,' ती म्हणाली.

पट्टा आवळत गेला. मग तो सैल झाला, तिने आकडा बघितला आणि म्हणाली की थोडं जास्त आहे, लोणचं बंद करा. पट्टा काढून घडी घालता घालता तिने विचारलं, 'काय म्हणत होतात?'

मी म्हणालो, 'काही नाही.'

तिने पट्टा पिशवीत ठेवला. तिला काय कळलं, ते मला सांगता येणार नाही. मग तिच्या ड्युटीची वेळ झाली, ती किल्ल्या घेऊन निघाली. मी टेबलाशीच बसून होतो, बाही अजून वर सारलेली. गाडी बाहेर पडल्याचा आवाज आला, तेव्हा मी ते रिकाम्या खुर्चीला म्हणून पाहिलं. 'तुला परीक्षेला मी बसू दिलं नाही, आणि वर नापास म्हणालो. माझं चुकलं, बाळ.'