शेवटच्या कडव्यातलं नाव

किसन गेल्याचा निरोप घेऊन त्याचा भाऊ अंथुर्ण्याहून बारामतीला माझ्या घरी आला, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. महिनाभर ही गोष्ट मनात घेऊन बसलो आहे… आता लिहितो.

आमची गायन पार्टी पंचवीस वर्षांची. मी गायक, किसन बँजोवर. जयंती असो की लग्न, सांगवीपासून इंदापूरपर्यंत आम्हाला बोलावणं असायचं. किसन लोणी देवकरला कंपनीत कामाला होता. पहिली पाळी सुटली की बँजो सायकलला बांधून तसाच यायचा. बोलायचा कमी, पण बोलला की टोचायचा. मी उगाच वरच्या पट्टीत गेलो की म्हणायचा, "मोहनराव, उतरा खाली, न्हायतर शिडी काढून घेतो."

एकदा त्याने स्वतः गाणं लिहिलं, चालही बांधली. त्याच्या अडाणी आईने घरातलं पहिलं पुस्तक पदरात बांधून बाजारातून चालत आणलं, त्यावरचं. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायची रीत आहे. तोवर मी कायम दुसऱ्यांचीच नावं गात आलो होतो.

पुण्याला कॅसेट करायचं ठरलं आणि नेमकी त्या दिवशी किसनला रजा मिळाली नाही. वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "शेवटचं कडवं सावकाश म्हणा. आई हाय त्यात." रेकॉर्डिंगला त्या कडव्यापर्यंत आलो आणि 'किसन'च्या जागी 'मोहन' म्हणालो. चालीत चपखल बसलं. चुकून गेलं, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगितलं. पण नंतर कव्हरवर छापायला गीतकाराचं नाव विचारलं, तेव्हा मी जे सांगितलं ते चुकून नव्हतं.

जुन्या पार्टीचं नवं गाणं म्हणून ते गावोगाव वाजलं. किसनने ते पहिल्यांदा सांगवीच्या एका लग्नात, भोंग्यावर ऐकलं. आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. त्याने घास खाली ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज चांगला लागलाय," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "माझी आई तुमाला कुठं भेटली, मोहनराव?"

मी भात कालवत राहिलो… पुन्हा त्याने विषय काढला नाही. पुढे प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्याला बँजो मात्र त्यानेच वाजवला.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, सगळे श्रद्धांजलीला जमले तेव्हा, मी तेच गाणं म्हटलं आणि शेवटी पहिल्यांदा 'किसन' म्हणालो. वाटलं, खरं एकदाचं बाहेर पडलं. पण माणसं डोळे पुसायला लागली. गावातले एक म्हातारे तात्या माझा हात धरून म्हणाले, "केवढं मन हाय तुमचं! सोताचं नाव काढून दोस्ताचं घातलं." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तेवढ्यात किसनची बायको पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, त्यांचंच नाव त्यांना आहेर केलंत व्हय?"

म्हणून हे छापून मागतो आहे. ते गाणं किसनचं. शब्द त्याचे, चाल त्याची, पुस्तक आणणारी आई त्याची. माझ्याही आईने पुष्कळ सोसलं, तिच्यावर मी एक ओळ लिहिली नाही.

घरातल्या कॅसेटच्या कव्हरवर माझं नाव खोडून मी त्याचं लिहिलं आहे. आत मात्र माझाच आवाज आहे, आणि तो दर वेळी, जराही न अडखळता, माझंच नाव घेतो.