दोन माईक आणि वरची खोली

लातुरात खोली रिकामी ठेवणं म्हणजे पाप आहे. घरात तरणा पोरगा नोकरीविना बसून असला तर लोक समजून घेतात, पण वरची खोली रिकामी दिसली की गल्लीतल्या एकेका बाईला तुमची काळजी वाटायला लागते. "का हो, पोरी ठेवत न्हाईत का वर?" जून आला की उदगीर, बिलोली, हिमायतनगर, कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन उतरतात. लेकराला डॉक्टर करायला नीट परीक्षेच्या क्लासला घालायचं आणि त्याच्यासाठी घरगुती जागा शोधायची. जिन्याखाली पलंग टाकून भाडं घेणारी घरं मी पाहिली आहेत. अशा गावात मी अख्खी खोली मागितली, आणि तीही कशासाठी, तर आत बसून एकटीनं बोलण्यासाठी.

माझं माहेर नांदेडचं. लग्नाआधी तिथल्या एका केबल वाहिनीवर मी संध्याकाळच्या बातम्या वाचायची. वाहिनी म्हणजे काय, एक गाळा, शटर अर्धं ओढलेलं, मागं निळा पडदा आणि हातात धरायचा जाडजूड माईक. पण भाजी घ्यायला गेले आणि "भेंडी कशी दिली" म्हटलं की बाई मान वर करून बघायची, "बातम्यावाल्या ताई का तुम्ही?" तेवढ्यावर मी आठवडाभर जमिनीपासून वर असायची. लग्न होऊन लातूरला आले आणि तोच आवाज "अहो, डबा राहिला" एवढ्यावर आला. अधूनमधून शाळेच्या गॅदरिंगचं, कुणाच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मिळायचं. मानधन थोडं, कौतुक लई. कौतुकानं काय पोट भरतं का?

मग वाहिनीतली जुनी मैत्रीण, ती आता पुण्यात असते, फोनवर म्हणाली, "अगं, आता घरी बसून आवाजाचं काम मिळतं. जाहिराती, माहितीपट, शाळेचे धडे. वाचायचं, रेकॉर्ड करायचं, पाठवून द्यायचं." त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपली, हे सासूबाईंनी पुढं वर्षभर सांगितलं.

नवरा जिल्हा परिषदेत कारकून. वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी विचार केला आणि तोडगा काढला, "जूनपर्यंत वरची खोली तुझी. तोवर बांधलेलं, दर महिन्याचं काम लागलं तर खोली राहू दे तुझ्याकडंच. नाही लागलं तर पोरी ठेवू." सासूबाईंनी फक्त पदर सावरला. आमच्या घरात पदर सावरला की समजायचं, निकाल लागलेला आहे, तारीख बाकी आहे.

मला काय लागणार होतं ते मला ठाऊक होतं. हातात धरायचा साधा माईक, ज्याला तोंड लावून बोलायचं. लांबचं त्याला ऐकू येत नाही, जवळचं सोडत नाही. इतकी वर्षं त्याच्यातच तर बोलत आले होते. पण माझे दीर पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला. त्यांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ते हसायलाच लागले.

"वैनी, हातात धरायचा माईक? ते मंडपवाल्याचं झालं. 'हॅलो, माईक टेस्टिंग' करायचंय का तुम्हाला? कंडेन्सर माईक घ्यायचा, बारीकातला बारीक आवाज टिपतो. स्टुडिओत तोच असतो."

"पण भाऊजी, इथं आजूबाजूला आवाज किती..."

"ते सगळं सॉफ्टवेअरनं निघतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी पाठवतो, माझ्याकडून गिफ्ट."

गिफ्ट म्हटल्यावर माझं तोंड बंद. दान मिळालेल्या गायीचे दात कोण मोजणार? आणि मोजले तर सासर सोडतं का? चार दिवसांनी खोकं आलं. माईक, त्याला टेबलाला आवळायचा लांब हात, थुंकी उडू नये म्हणून पुढं लावायची जाळी, माईक लॅपटॉपला जोडायची एक काळी डबी, वायरींचं भेंडोळं, शिवाय दिरांचाच जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी मेलेली होती. सगळं घर जमलं. सासूबाईंनी नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, तर दीर तिकडून मोबाईलमध्ये ओरडायला लागले, "अगं आई, पावडर नको, पावडर नको!" कुंकवाचे दोन कण जाळीतून आत गेलेच.

माईक लई भारी होता, ह्यात वाद नाही. माझा आवाज सोडून अख्ख्या गल्लीचा आवाज त्यात इतका सुंदर यायचा! शेजारच्या बोअरची मोटर, पत्र्यावरची कबुतरं, घंटागाडी, खालचा कूलर, समोरच्या मेसमधली भांडी. माझ्या बांगड्या काढून ठेवल्या तर पोटातली गुरगुर यायची. एकदा कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकते आहे, तर माझ्या वाक्यांच्या मधे खालून सासूबाई त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलतायत, "वर बसून एकटीच बडबडून राहिलीय. डोक्यावर परिणाम झाल्यावानी." शब्द न् शब्द स्पष्ट. एवढी स्पष्टता मला माझ्या आवाजात कधी मिळाली नाही. तो तुकडा मी पुन्हा एकदा ऐकला, आणि मग इतकी रडले की तेही त्यानं टिपलं असतं, बरं झालं बंद होता.

घरातल्या सगळ्या वाकळी वर नेऊन भिंतींना, खिडकीला लावल्या. "घरात मयत झालंय का गं, सगळ्या वाकळी बाहेर काढल्यास?" सासूबाई जिन्यातूनच. मे महिना, लातूरचं ऊन, पंखा बंद, चारी बाजूंनी वाकळी, आणि मी मधे बसून प्रसन्न आवाजात वाचतेय, "उन्हाळ्यात घ्या थंडगार अनुभव." घाम डोळ्यात जायचा. नवरा म्हणाले रात्री कर, तर रात्री घराघरातून कूलर घरघरायचे.

शांतता एकदाच मिळायची, दुपारी लाईट गेली की. काय सांगू, लाईट गेली की गल्ली अशी गप्प व्हायची की माझाच श्वास मला मोठा वाटायचा. मोटर बंद, कूलर बंद, मिक्सर बंद. आणि त्याच क्षणी माझा लॅपटॉप बंद! बॅटरी मेलेली ना. वीज असली तर गोंगाट, गोंगाट गेला तर वीज नाही. दीर रविवारी न चुकता विचारायचे, "काय वैनी, कसाय माझा माईक?" मी म्हणायची, छान आहे. दात ओठ खाऊन म्हणायची. मैत्रिणीनं सांगितलेल्या पुण्याच्या कंपन्यांना मी आवाजाचे नमुने पाठवायची, ते परत येत होते. आवाज गोड आहे, मागं घरघर आहे, क्षमस्व.

मे अर्धा सरला आणि माझं टाळकं फिरलं. सूत्रसंचालनाचं मानधन होतं जवळ, कुणाला न विचारता मला पाहिजे होता तोच माईक मागवला. काळा, साधा, हातात मावणारा, सरळ मोबाईलला जोडता येणारा. ना डबी, ना लॅपटॉप. दुपारी लाईट गेली, मी ओठांपासून चार बोटांवर माईक धरला आणि वाचलं. कानाला लावून ऐकलं तर नांदेडच्या गाळ्यातली मी! तीच. वर्षं मधे गेलीच नव्हती. लगोलग नमुना पाठवून दिला.

तुरीची डाळ निवडत होते तेव्हा उत्तर आलं. प्राथमिक शाळेचे धडे वाचायचे, दर महिन्याला ठरलेलं काम. जून लागायला थोडेच दिवस होते. मी सूप तसंच टाकून उठले. जिंकले होते मी! खोली माझी झाली होती!

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आले आणि आनंदात मला सुचू नये ते सुचलं. म्हटलं, ह्यांना दाखवते तरी, मी काय निवडलंय. स्वयंपाकघरातच माईक जोडला. कुकर शिट्ट्या मारत होता. "आई, मिक्सर लावा," म्हटलं. त्यांनी चटणीचा मिक्सर लावला. मी माईकला ओठ लावून गोष्ट वाचली आणि मग सगळ्यांना ऐकवली. "आता सांगा, मिक्सर कुठाय? शोधा!" मिक्सर होता, पण इतका मागं, इतका बारीक, की शोधावा लागत होता.

नवऱ्यानं दोनदा ऐकलं. मनापासून खूश झाले, खोटं कशाला बोलू. "कमाल आहे. म्हणजे हा कुठंही बसून चालतो?"

"हाव, कुठंही!" मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सासूबाईंनी मिक्सरचं झाकण काढता काढता विचारलं, "मग वरच्या खोलीचं काय काम उरलं?"

"काम लागलं तर खोली माझी, असं ठरलं होतं," मी म्हणाले.

"ठरलं होतं ते माईकला शांतता लागते म्हणून," नवरा म्हणाले. रागानं नाही, अगदी समजुतीनं, ऑफिसात अर्जदाराला सांगावं तसं. "आता लागत नाही, हे तूच दाखवलंस."

"माईकला नाही लागत. मला लागते."

"आता तू पण कंडेन्सर झालीस का?" ते हसले. सासूबाई हसल्या. दिरांना फोनवर सांगितलं तर तेही हसले. मला इतका संताप आला की चटणीचं भांडं उचलून आपटावं. आपटलं नाही. घासून पालथं घातलं.

एवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी नवरा म्हणाले, "खोलीची जाहिरात ग्रुपवर टाकायची आहे. लिहिलेलं कुणी वाचत नाही. तुझ्या आवाजात टाकू, लोकांना भरवसा वाटतो." आणि मी हो म्हणाले. खोली तशीही जाणारच होती, असं मी मनाला सांगितलं, पण खरं ते नव्हतं. घरातल्या माणसानं पहिल्यांदा माझा आवाज मागितला होता. ओट्याजवळ उभी राहून, हातात माझाच माईक धरून मी वाचलं, "वरच्या मजल्यावर शांत, हवेशीर, स्वतंत्र खोली. फक्त मुलींसाठी. घरचं जेवण. अभ्यासाला अतिशय शांत." आणि वाचताना मला बरं वाटत होतं, ह्याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. एकदाच वाचलं. पुन्हा वाचावं लागलं नाही. एका रात्रीत ते कुठल्या कुठल्या ग्रुपांवर फिरलं, आणि दुसऱ्या दिवशी बिलोलीचं एक कुटुंब बयाणा देऊन गेलं.

वाकळी खाली आल्या. दिरांचा माईक पेटीत गेला, त्याचा लांब हात मात्र टेबलालाच राहिला, पोरी त्याला ओढण्या वाळत घालतात. दोघी पोरी गुणी आहेत, शहाण्या, ताटं स्वतः घासून ठेवतात. राग धरावा असं त्यांच्यात काही नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

माझं काम चालू आहे. दुपारी जेवणं आटोपली की फ्रीजची वायर काढते, ओट्याला पाठ लावून खाली बसते आणि तिसरी-चौथीचे धडे वाचते. धड्यात वाघ असतो, राजा असतो, म्हातारी असते, सगळ्यांचे आवाज काढावे लागतात. परवा राजा दरबारात ओरडत होता आणि मी वाचता वाचता रंगले होते. बऱ्याच दिवसांनी रंगले होते. डोळे वर केले तर दारात वरची धाकटी पोरगी उभी. वही छातीशी धरलेली.

"काकू, राग मानू नका. तुमचा आवाज वर येतो. लक्ष लागत नाही. जरा हळू वाचाल का?" मग तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं, म्हणून तिनं जोडलं, "तुम्हीच जाहिरातीत सांगितलं होतं ना, खोली शांत आहे म्हणून."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हळू वाच की गं. लेकरं पैसे भरून राहिलेत."

पोरगी वर गेली. मी माईक ओठांच्या आणखी जवळ घेतला, आणि राजाला हळू आवाजात ओरडायला लावलं.