रशिदाआपांनी धरलेला हात

रशिदाआपा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की चहाआधी विचारत, “मागचं दार उघडतं का?” यजमान ओशाळून हसत. दाराला बहुधा जुन्या गाद्या टेकवलेल्या असत. आपा ओढणी कमरेला बांधून स्वतःच त्या ओढायला लागत. नागरी संरक्षण दलाच्या त्या पनवेलमधल्या जुन्या स्वयंसेविका. मी त्यांच्या हाताखाली शिकले.

देशभर सायरनचा सराव घ्यायचा हुकूम आला, तेव्हा करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत निम्मे लोक गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग करत होते. आपा खालून ओरडल्या, “तमाशा नाही हा! उतरा खाली. ऐन वेळी डोकं घाबरतं, पायांना तरी सवय हवी.” मोजक्या बायका उतरल्या. ओला रुमाल नाकाला कसा बांधायचा, ते आपांनी त्यांनाच दाखवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, बाजारामागच्या एका बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटला. आम्ही दोघी जवळच होतो. वास नाकात सुईसारखा घुसला, डोळ्यांना धारा लागल्या. लोक रस्त्याने सरळ पळत सुटले आणि वाराही नेमका तिकडेच वाहत होता. आपा त्यांना आडव्या गेल्या. “वारा पाठीवर घेऊन पळू नका! बाजूला वळा, तळ्याकडे!” कुणीतरी त्यांना ढकललं. गुडघे फुटले. उठून त्या पुन्हा तेच ओरडल्या, तेव्हा कुठे गर्दी वळली.

एवढ्यात एका बाईने माझा दंड पकडला. “माजी सासू घरात हाय वो, ती उठत नाय!”

तोंडाला ओले रुमाल बांधून आम्ही तिच्यामागे गल्लीतल्या घरात शिरलो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, “आपा, उचलूया. मी पाय धरते.”

आपांनी बाहेर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी पांढरं धुकं आलं होतं.

“नाही. हिला घेऊन त्यातूनच जावं लागेल. दार लाव.”

“हितंच मरू आमी!” सून रडायला लागली.

“मीपण आतच आहे ना, बेटी? चादरी भिजव.”

खिडक्यांच्या, दाराच्या फटींत आम्ही ओली कापडं कोंबली. तरी वास येतच होता. म्हातारी खोकत होती. बाहेरून कुणीतरी ओरडत गेलं, “पळा, पळा!” मी कडीला हात घातला. आपांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

“फायर ब्रिगेडवाले आल्याशिवाय नाही.”

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी दारावर थाप पडली. मास्क लावलेले जवान आत आले. म्हातारीसकट आम्ही सगळ्या जिवंत बाहेर आलो.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने आपा गेल्या. त्याआधी इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून मी विचारलं होतं, “त्या दिवशी तुम्हाला एवढी खात्री कशी होती?”



“खात्री कुठली गं? मीच दार उघडायला उठणार होते. म्हणून तर तुझा हात धरला.”