संत्र्याची शुगर

वरुडात कुर्बानभाईची जीभ नावाजलेली. बागेत एक फोड चाखून तो भाव सांगायचा, आणि त्यापुढं कुणी घासाघीस करत नसे. अशा संत्रा-व्यापाऱ्यालाच शुगर निघावी, म्हणजे गावात हसं व्हायचीच गोष्ट. घरच्यांखेरीज त्यानं कुणाला कळू दिलं नाही. बोटाला सुई टोचायची तीही दार लावून.

मग त्याच्या मुलानं, शाकीबनं, अकोल्याहून एक मनगटी घड्याळ आणलं. सुई नाही, रक्त नाही, नुसतं बांधलं की शुगरचा आकडा दिसतो. बघणाऱ्याला वाटणार साधं घड्याळच. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तशी कुर्बानभाईची गत झाली. आकडाही मोठा गुणी, एकशेवीसच्या वर कधी जायचा नाही.

नत्थुजींची बाग वर्षानुवर्षं तोच घ्यायचा. त्यांनाही शुगर होती, पण ते लपवत नसत. सुईला तेवढे भीत. "माया एका सोयऱ्यानं घेतलं, लय भरोशाचं हाये," असं सांगून कुर्बानभाईनं त्यांनाही तसलंच घड्याळ आणून दिलं. सुई सुटली म्हणून म्हातारा खूश.

त्या साली पाण्यावाचून निम्मी झाडं वाळली होती. उरलेल्या झाडांची तोडणी चालू असताना नत्थुजींच्या नातीनं, अपेक्षानं, आजोबांचं घड्याळ गंमत म्हणून एका संत्र्याला बांधलं. आकडा आला एकशे आठ. मजूर पोट धरून हसले. कुर्बानभाईनं मात्र आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. हे फेका, रक्त तपासा, असं तिथंच सांगायला हवं होतं. पण मग तो सोयरा कोण, हे चारचौघांत निघालं असतं. "संत्र्याले बी शुगर झाली वाटते," म्हणत तोही हसला. घरी जाऊन स्वतः मात्र सुई टोचली. तीनशेच्या वर. घड्याळ त्यानं उकिरड्यावर टाकलं आणि नत्थुजींना उद्या सांगू म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

नत्थुजींच्या पायात संत्र्याचा काटा मोडल्याचं निमित्त झालं. अमरावतीला त्यांच्या पायाचं बोट कापावं लागलं. कुर्बानभाई भेटायला गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, "आकडा तं बरोबर होता. मंग बोट कावून सडलं?"

त्यानं सगळं सांगितलं. सोयरा म्हणजे मीच. बागेतच समजलं होतं. सांगायची लाज वाटली.

नत्थुजींनी मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्या हातात ठेवलं.

"तुले शुगर हाये, हे साऱ्या वरुडले माईत हाये, कुर्बान," ते म्हणाले. "तुयी लाज राहावी म्हनून आमी कोनी बोललो नाई."