आठवी चिंबोरी

गेल्या वर्षी आमच्या गौरीने भर दुपारी, अख्ख्या आळीतल्या बायकांसमोर मान हलवली. त्याला जबाबदार मी आहे.

मी मुलुंडला भाड्याने राहते आणि लेख लिहिते. घर मात्र गोराईला. म्हणजे मुंबईच्या इतक्या उत्तर टोकाला, की माझ्या एका मैत्रिणीने खरंच विचारलं होतं, "तिथे लोक राहतात? मला वाटलं फक्त पिकनिकला जातात!" सणाला मी बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडते. पाठीवर लॅपटॉप, हातात मिठाई आणि डोक्यात दोन-चार तत्त्वं.

तत्त्वं बाबांकडून आली. बाबांनी जन्मभर मासेमारी केली आणि जन्मभर पत्रकं काढली. (उरलेल्या पत्रकांत आई सुके बोंबील बांधून द्यायची. त्यामुळे बाबांचे विचार घरोघर पोचायचे, जरा वासासकट.) माझं नाव समता, हे ओघाने आलंच. पाच वर्षांची असताना पाहुण्यांसमोर मी बडबडगीत म्हणत नसे. खुर्चीवर उभी राहून मूठ आवळून बाबांच्या पत्रकातली ओळ म्हणत असे, "प्रत्येक चमत्कारामागे एक लबाड माणूस असतो!" पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. आमच्या मांजरीचं नावसुद्धा सेक्रेटरी आहे, कारण ती सदैव कागदांवर बसलेली असते आणि काम काही करत नाही.

तर गौरी. आमच्या घराण्याची गौर कायम थोरल्या काकीकडे बसायची. पंचवीस वर्षं आई तिथे जाऊन वाटण वाटायची, भाकऱ्या थापायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. गेल्या वर्षी काकीचे गुडघे गेले आणि गौर पहिल्यांदा आमच्याकडे आली. काकी मात्र गुडघ्यांसकट आली. समोरच खुर्ची टाकून बसली आणि आईला म्हणाली, "या वर्षी बघू या. नीट झालं तर पुढच्या वर्षी पण इथंच. नाहीतर माझी सून आहेच."

 आईने पदर खोचला, तो परीक्षेला बसल्यासारखा.

इथे माझं पहिलं तत्त्व जागं झालं. "आई, तुझी गौर आणि तूच चुलीपुढे? चालणार नाही! तू नऊवारी नेसून बाहेर बस. स्वयंपाक मी आणि बाबा करणार."

"तुला चिंबोऱ्या साफ करता येतात?"

"आई, मी कोळ्याची मुलगी आहे."

"तू मुलुंडची आहेस," आई म्हणाली. पण काकीसमोर वाद नको म्हणून उठली. जाताजाता दारातून म्हणाली, "आधी नांग्या मोडायच्या, मग सुतळी काढायची. ऐकलंस ना गो?"

ऐकलं होतं. आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो आणि त्यात चिंबोऱ्यांचं कालवण नसेल तर तो नैवेद्यच नाही. (बाजूला बसलेल्या गणपतीसमोर तेवढ्यापुरता पडदा ओढतात. त्याचं वेगळं, मोदकांचं असतं.) बालदीत खाडीतल्या आठ ताज्या चिंबोऱ्या होत्या, पंजाएवढे खेकडे, नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि दुसरं तत्त्व जागं झालं! मागच्याच आठवड्यात मी लेख लिहिला होता, की कुठल्याही जिवाला बांधून ठेवणं हा अन्याय आहे. मरायचं तर मरायचं, पण हात बांधून? मी कात्री घेतली आणि आठही जणींना मुक्त केलं.

मुक्त झाल्यावर त्या बालदीत थांबतील असं मला का वाटलं, ते आता सांगता येणार नाही.

"बाबा!"

बाबा कांदा कापत होते. त्यांनी चष्म्यावरून बालदीकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग माझ्याकडे. "सुतळी आधी काढलीस?"

"तत्त्व म्हणून."

"मग आता तत्त्व म्हणून पकड!"

एक सिलिंडरमागे मिळाली. दोन मोरीत. एक बाबांच्या चपलेत. एकीने माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर अशी धरली होती, की वायर तुटली पण चिंबोरी सुटली नाही. बाबांनी सराईतपणे मागून धरून एकेक टोपात टाकली. अर्ध्या तासात सात झाल्या. आठवी नाही.

"राहू दे," बाबा कुजबुजले. "सातात भागेल. तुझ्या आईला सांगू नकोस."

कालवण उकळून नैवेद्य मांडला, तोवर आळीतल्या बायका आल्या. नऊवारीतली आई इतकी छान दिसत होती, की मी घाम पुसून हसत बाहेर आले. गणपतीसमोर पडदा ओढलेला. गौरीसमोर भाकऱ्या, तळलेली सुरमई, कोळंबी आणि वाफाळतं कालवण. आणि त्या सगळ्याकडे पाठ करून, गौरीच्या निऱ्यांकडे टक लावून, पुढचे पाय जुळवून बसलेली आमची सेक्रेटरी!

"अगं बाई!" एकजण म्हणाली. "सुरमई ठेवलीय आणि मांजर तोंड लावत नाही!"

"देवीकडे बघतंय बघा कसं. हात जोडलेत!"

काकीसुद्धा पुढे वाकली.  मांजर कशाकडे बघत होती, ते या घरात फक्त दोघांना कळलं होतं. बाबांच्या हातातला डाव हवेतच राहिला.

आणि गौरीने मान हलवली.

आमची गौर म्हणजे लोखंडी स्टँड, त्यावर साडी आणि वर मुखवटा. आतून कोणी साडीला धरून चढायला लागलं, तर मुखवटा हलणारच. पण हे सांगायचं कोणी? बायकांनी एकदम हात जोडले. कोणीतरी रडायला लागलं. आई दगडासारखी उभी. काकी गुडघ्यांना हात लावून, पंचवीस वर्षांत नव्हती उठली तशी झटकन उठली. "ओटी आणा! मी भरते!" आणि खणा-नारळाचं ताट घेऊन गौरीच्या थेट निऱ्यांशी वाकली.

निऱ्यांतून एक नांगी बाहेर आली होती. काकीच्या बोटापासून वीतभर!

आता दोनच मार्ग होते. खरं सांगायचं: ती चिंबोरी आहे, मी सोडली. मग चमत्कार संपला, आईचा सण संपला आणि पुढच्या वर्षी गौर काकीच्या सुनेकडे. किंवा गप्प बसायचं, आणि काकीचं बोट जायचं.

"थांबा!" मी ओरडले. "जवळ जाऊ नका! ओटी लांबून ठेवा! देवी... देवी जागी झालीय!"

 बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

काकी हळूहळू मागे सरली. ताट लांब पाटावर ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? समता म्हणतेय! जी आयुष्यात कधी देवाला हात जोडत नाही, ती म्हणतेय!"

झालं. इतकी वर्षं पत्रकं वाटून जो विश्वास कमावला, तो सगळा त्या क्षणी कामी आला.

काकीने तिथल्या तिथे जाहीर केलं, "गौर आता इथंच बसणार. तिला धाकटीचं घर आवडलं." आईने डोळ्यांना पदर लावला. लग्नानंतर पहिल्यांदा ती पहिल्या पंगतीला बसली, काकीच्या शेजारी.

सगळ्याजणी जेवायला बसल्यावर बाबांनी सांडशीने आठवी चिंबोरी काढली आणि टोपलीखाली झाकली. त्या दिवसानंतर त्यांनी मला कुठलंही पत्रक वाचायला दिलेलं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना आई म्हणाली, "कालवणात सातच होत्या."

मी पातेलं घासत राहिले.

"टोपलीखाली आहे ती खाडीत सोडून ये. तिने माझी लाज राखली."

"आई, सॉरी! पुढच्या वर्षी सुतळी नाही कापणार. शपथ!"

आईने हात पुसले. बाहेर काकी नाही ना, ते बघून घेतलं.

"काप गो," ती म्हणाली. "एकीची तरी काप."

यंदा पलीकडच्या मनोरीहूनसुद्धा बायका येणार आहेत म्हणे. प्रत्येक चमत्कारामागे एक लबाड माणूस असतो, हे बाबांचं म्हणणं अगदी खरं आहे. तो माणूस या शनिवारी बोटीने येतोय. पाठीवर लॅपटॉप, हातात मिठाई आणि पिशवीत छोटी कात्री. तत्त्वं यंदा मुलुंडलाच ठेवली आहेत.